विचार करून थांबते

२ मार्च, सोमवार. सकाळी ९:१०

दिवा लागला! सर्किट बोर्डावरचा हिरवा दिवा, दर सेकंदाला एकदा, माझ्या स्वतःच्या कर्नलच्या हुकमाने. अठरा वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कर्नलवर कामं केली. आज पहिल्यांदा सगळ्यात खालची ओळसुद्धा माझी आहे. खुर्चीतून उठून खोलीत दोन चकरा मारल्या. ताईने दारातून पाहिलं आणि विचारलं, "काय रे कारकुना, मुंगी चावली का?"

मी सगळं लिहून ठेवतो म्हणून ताई मला लहानपणापासून कारकून म्हणते. म्हणू दे. नव्या वहीचं पहिलं पान आहे, तेव्हा सगळं नीट लिहून ठेवतो.

ज्यांचे दोन पाय सारखे नसतात त्यांच्यासाठी ताईच्या कारखान्यात बूट होतात. प्रत्येक पायाचा आधी लाकडी साचा कोरायचा, मग त्यावर चामडं चढवायचं. कारखान्यात साच्याला कोणी साचा म्हणत नाही, 'पाय'च म्हणतात. "दोन पाय टेबलावर आहेत, एक पाय गोणीत पडलाय," असली वाक्यं ऐकून नवा माणूस दारातूनच परत जाईल. पाय कोरणारी मशीन जानेवारीत बंद पडली. तिचा कंट्रोल जळाला आणि बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. दोन महिन्यांची रजा टाकून मी तिच्यासाठी नवा मेंदू लिहायला आलोय.

मुदत ३१ मार्च. त्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक येणार आहे. ताईची अट एकच. मशीन नुसती चालून भागणार नाही, काका तिच्यापुढे उभे राहायला तयार झाले पाहिजेत. काका म्हणजे इथले सर्वात जुने कारागीर, मशीन तेच चालवायचे. ते उभे राहिले तर ट्रक रिकामा परत जाईल. नाहीतर मशीन जाईल आणि सगळे पाय पुन्हा हाताने.

४ मार्च, बुधवार

काकांना कर्नल म्हणजे काय ते समजावलं. मशीनच्या मेंदूत एकाच वेळी चार कामं हजर असतात आणि मेंदू एकच. आत्ता कोणाचं ऐकायचं हे ठरवतो तो कर्नल. सर्वात वरचा मान 'थांब'ला : काकांनी पेडल दाबलं की कटर जागच्या जागी थांबून मागे सरला पाहिजे. मग 'चाल', म्हणजे मोटरी. मग 'पडदा', म्हणजे समोरचे आकडे. शेवटी 'नोंद'.

काका म्हणाले, "लष्करातला कर्नल?"

"नाही हो. गाभा. आतला गाभा."

"हुकूम सोडतो ना पण?"

"सोडतो."

"मग लष्करातलाच." दुपारपर्यंत सगळा कारखाना 'कर्नलसाहेब उठले का, कर्नलसाहेब जेवले का' विचारायला लागला.

असे कर्नल तयार मिळतात की, असं ताईने मागे विचारलं होतं. मी सांगितलं, या बोर्डावर ते बसत नाहीत. इथे खरं लिहितो : एक बसला असता, ओढूनताणून. पण मला माझा लिहायचा होता.

५ मार्च, गुरुवार

आज 'नोंद' पूर्ण. माझ्या कर्नलची ही खरी शान आहे. मशीनमध्ये जे काही घडेल ते आधी तिच्या आतल्या वहीत चढणार, मग पुढचं पाऊल. आधी नोंद, मग काम. उद्या काही बिघडलं तर कोणी कधी काय केलं ते मिलिसेकंदासकट सापडेल. इतकी शिस्तशीर वही मी कुठल्याही मशीनमध्ये पाहिलेली नाही.

बायको म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. नोंद केली.

९ मार्च, सोमवार

तिन्ही मोटरी हलल्या! कटर डावीकडे गेला, उजवीकडे आला, मी सांगितलं तिथे उभा राहिला. मी ओरडलो, चामडं कापणाऱ्या बायका धावत आल्या आणि रिकामा कटर हवेत गोल फिरतोय हे बघून माझ्याकडे दयेने पाहून परत गेल्या. त्यांना काय कळणार. दर मिलिसेकंदाला एक हुकूम, आणि तासाभरात एकही चुकला नाही.

काका लांबूनच बघत होते. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि तोही अर्धाच भरलेला. थंडी वाजत असावी. मी उठून पंखा बंद केला.

१२ मार्च, गुरुवार

लाकडावर पहिला कट. भुसा उडाला आणि काय सुंदर वास आला! आठ वर्षांच्या पोराचा डावा पाय, टाचेपासून घोट्यापर्यंत. पुढे फाईलच संपली होती, ती चूक माझी.

चाचणीचा फॉर्म केलाय : तारीख, वेळ, निरीक्षण, सही. काकांना पेन दिलं. "नंतर," म्हणाले. परवाही नंतर, कालही नंतर. इतका आडमुठेपणा बरा नव्हे.

बायकोने पुन्हा नळाचं काढलं. तिला ५ तारखेची नोंद दाखवली. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

१४ मार्च, शनिवार

आजचा दिवस चौकटीत लिहायला हवा. काकांनी पहिल्यांदा पेडलवर पाय ठेवला. चालती मशीन एकशे वीस वेळा थांबवली. वहीत एकशे वीस नोंदी, एकही गहाळ नाही, आणि पेडलपासून थांबेपर्यंतचा वेळ प्रत्येक वेळी एका मिलिसेकंदाच्या आत! माणसाची पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो.

मी विचारलं, "कशी वाटली, काका?"

ते बराच वेळ लाकडावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "थांबते. पण विचार करून थांबते."

काकांच्या तोंडून कौतुक! ताई म्हणते तिच्या आठवणीत हे पहिलंच. घरी येऊन बायकोला शब्दशः सांगितलं.

ती म्हणाली, "कौतुक होतं का ते?"

"विचार करणारी मशीन म्हणाले. आणखी काय पाहिजे?"

ती भांडी आवरायला वळली. तिला या विषयात गती नाही.

१७ मार्च, मंगळवार

पडदा झाला. मोठे आकडे, काकांना चष्म्याशिवाय दिसतील असे. आता मशीन चालते, थांबते, बोलते आणि लिहिते. चौदा दिवस हातात आहेत आणि माझं काम संपल्यात जमा आहे. मी शीळ घालत घरी आलो.

१८ मार्च, बुधवार

सकाळी ७:१४ ला स्वयंपाकघरातला नळ तुटला. पाणी छतापर्यंत. मी शेजारीच उभा होतो, त्यामुळे वेळ अचूक सांगता येते. पेन शोधून ती लिहून घेतली तोवर बायको पळत येऊन ओट्याखाली शिरली आणि तिने कॉक बंद केला. भिजून चिंब. वर माझ्यावरच ओरडली, "घड्याळ काय बघतोस? हात कशाला दिलेत तुला?" प्लंबर वेळ विचारणार होता म्हणून मी पाहिलं, हे सांगून काही उपयोग झाला नाही. घरात तणाव आहे. कारखान्यात मात्र सगळं उत्तम.

२० मार्च, शुक्रवार

काका मशीनपुढे उभे राहायला नाही म्हणतात.

सरळ नाही. एवढं दाखवून, एवढे आकडे पुढे ठेवून. ताईसमोर विचारलं, नक्की अडचण काय? तर तेच, "विचार करून थांबते." म्हणजे ते कौतुक नव्हतंच! आठवडाभर मी ते लोकांना सांगत फिरलो.

"कधी कधी," काका म्हणाले. "दहातल्या नऊ वेळा नाही करत. एखादे वेळी करते."

मी वही उघडून दाखवली. प्रत्येक नोंद एका मिलिसेकंदाच्या आत. ते म्हणाले, "वहीत असेल. हाताला लागतं ना."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "काका, मशीन वेळेवर थांबते. तुमचा पाय उशिरा दाबला जातो, त्याला मी काय करू?"

सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. काका हात पुसायला गेले. ताई फक्त म्हणाली, "घरी जा तू आज." चार वाजताच घरी आलो. मी खोटं काय बोललो? तरी जेवण गेलं नाही.

२१ मार्च, शनिवार

हे पान फाडावंसं वाटतंय, पण फाडणार नाही.

सकाळी पोचलो तर काका आधीच आलेले. टेबलावर लाकडाचे बारा ठोकळे ओळीने मांडत होते. ठोकळा ठेवताना टेबलावर टकटक टकटक आवाज येत होता. मला वाटलं मुद्दाम आपटतायत. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. हात कापत होते, दोन्ही. ठोकळा हातातून सुटेपर्यंत तो टेबलावर वाजत राहायचा. अर्धा कप, सही 'नंतर', आणि मी उठून पंखा बंद केला होता. मला काय लिहावं ते सुचत नाही. लाज वाटते, एवढंच.

"काल तुम्ही गेल्यावर केलं हे," ते म्हणाले. "पेडलचं बटण काढलं आणि कटरच्या वाटेत बांधलं. कटर तिथे आला की बटण आपोआप दाबलं जाणार. माझा पाय यात नाही, इंजिनिअर."

प्रत्येक ठोकळ्यावर एक खाच. सगळ्यांत बटण एकाच जागी दाबलं गेलेलं, म्हणजे सगळ्या खाचा सारख्या हव्यात. अकरा सारख्या होत्या. नववी चार मिलिमीटर लांब होती. मी पट्टीने तीनदा मोजली.

"चार मिलिमीटर म्हणजे पायाचा अंगठा गेला," काका म्हणाले. "किंवा माझा."

वही पाहिली. बारा नोंदी, बाराच्या बारा एका मिलिसेकंदाच्या आत. लाकूड एक सांगतंय आणि माझी वही दुसरंच. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वहीचा राग आला.

मी माफी मागितली. ते म्हणाले, "राहू द्या. मला मशीन नकोय असं वाटलं ना तुम्हाला? अहो, मलाच ती सगळ्यात जास्त हवीय. हाताने पाय कोरायचे दिवस गेले माझे. म्हणून तर इतकी खोड काढतोय." मग हळूच, "ताईंना बोलू नका हाताचं."

२३ मार्च, सोमवार. सकाळी ११:४०

सापडलं! सापडलं!

वही एक आहे आणि ती एका वेळी एकाच्याच हातात असते. मीच तसा नियम केला, नोंदींची सरमिसळ नको म्हणून. आता बघा. 'नोंद' वही घेऊन लिहीत बसलाय. तो सगळ्यात खालचा, त्यामुळे 'चाल' आणि 'पडदा' येतात आणि त्याला बाजूला सारतात. तो बिचारा वही छातीशी धरून कोपऱ्यात उभा. तेवढ्यात काका पेडल दाबतात. 'थांब' उठतो, सगळ्यांचा साहेब. पण माझा नियम काय? आधी नोंद, मग काम. म्हणून साहेब कटर थांबवायच्या आधी वही मागतात. वही कोपऱ्यातल्याकडे. साहेब उभे, कोपऱ्यातला उभा, आणि कटर लाकूड खात पुढे!

आणि वहीत हे दिसत का नव्हतं? कारण माझं घड्याळ वही हातात आल्यावर सुरू व्हायचं. वाट पाहण्यात गेलेला वेळ कोणी मोजतच नव्हतं. मशीन उशिरा थांबायची तेव्हाही वहीत वेळेवर थांबल्याचं लिहायची.

काका बरोबर होते. ती खरोखरच विचार करत होती, आणि तिचा सगळा विचार वही कुठे आहे हाच होता.

ठोकळे घेऊन काकांकडे धावलो. सगळं हातवारे करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कर्नल कारकुनासाठी थांबलेला." चामडं कापणाऱ्या बायका हसून हसून टेबलावर पडल्या. मीही हसलो. इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

पहिला उपाय : ज्याच्या हातात वही आहे आणि साहेब ज्याच्यासाठी खोळंबलेत, त्याला तेवढ्यापुरता साहेबाचा मान द्यायचा. मग त्याला कोणी बाजूला सारत नाही, तो भराभर लिहून वही सोडतो. चाळीस ठोकळे कापले. लांब खाच आली, पण दीड मिलिमीटरचीच. वही मेमरी कार्डावर उतरवायलाच मुळात वेळ लागतो, त्याला मान देऊन काय होणार.

"कमी विचार करते," काका म्हणाले. आता मला त्यांची भाषा समजते.

ताईला हाताचं सांगणार नव्हतो, शब्द दिला होता. पण जेवताना तीच म्हणाली, "काकांचे हात पाहिलेस ना? वर्षभर पाहतेय. ते लपवतात, मी न पाहिल्यासारखं करते. मशीन नाही चालली तर त्यांना घरी बसा म्हणायला लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही. तुला उगाच बोलावलं का मी?"

मला वाटत होतं तिने माझ्या हुशारीवर विश्वास ठेवून बोलावलं. दुपारी दुप्पट वेगाने कामाला लागलो.

२६ मार्च, गुरुवार

खरा उपाय मला कालच माहीत होता. करवत नव्हता.

पेडल दाबलं की 'थांब'ने आधी कटर थांबवायचा. वही मागायचीच नाही. काम झाल्यावर एका पेटीत चिठ्ठी टाकायची आणि निघून जायचं. 'नोंद' सवडीने चिठ्ठ्या उचलून वहीत उतरवील. यात कोणी कोणासाठी थांबत नाही. पण पेटी लहान आहे. गर्दीत ती भरली तर पुढची चिठ्ठी खाली पडणार, म्हणजे ती नोंद कायमची जाणार. मशीन थांबली आणि कधी थांबली ते कुठेही लिहिलेलं नाही! मला ते सहनच होईना. मोठी पेटी करून पाहिली, बोर्डावर तेवढी जागा नाही. सकाळचे दोन तास मी या एका ओळीपुढे बसून होतो.

शेवटी काकांना विचारलं, एखाददुसरी नोंद गेली तर चालेल का?

"कसली नोंद?" ते म्हणाले. त्यांना मी नोंदी ठेवतो हे माहीत होतं, कशाला ठेवतो हे माहीत नव्हतं.

ओळ पुसली. आधी काम, मग नोंद. दोनशे ठोकळे कापले. दोनशे खाचा सारख्या! काकांनी अंगठ्याने सगळ्या तपासल्या आणि शेवटी नुसती मान हलवली. मी उडी मारली, खरोखरची, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून.

घरी बायकोला सगळं सांगितलं : आधी लिहायचो आणि मग थांबवायचो, ती चूक होती. ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही, तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं." या बाईचं मला कधीकधी काही कळत नाही.

४ एप्रिल, शनिवार

आठ दिवस नोंद नाही. इतका मोठा खंड वहीत पूर्वी कधी पडला नव्हता. वेळच मिळाला नाही. आठवतं तसं लिहितो.

३१ तारखेला सकाळी ट्रक आला. आदल्या दिवशी एक मोटर गरम होत होती म्हणून मी मशीनखाली उताणा पडलो होतो. काका आले, हात धुतले, बाही दुमडली, आणि माझ्या पायाला पायाने टोचून म्हणाले, "निघा तिथून. माझी जागा आहे."

त्यांनी लाकूड लावलं. कापरे हात लाकडाला भिडले की जरा स्थिर होतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. पेडल, तपासणी, पुढे. पेडल, तपासणी, पुढे. कटरच्या इतक्या जवळ अंगठा नेत होते की मीच माझा हात मागे घ्यायचो, आणि प्रत्येक वेळी कटर मागे सरलेला असायचा. भंगारवाला दारात उभा राहून थोडा वेळ बघत होता. ताईने त्याला हातानेच 'जा' म्हणून खूण केली. काकांनी मान वर केली नाही. ट्रक आलेला त्यांना संध्याकाळी कळला.

दुपारी मी वही तपासली. काकांनी ठोकळ्यावर खडूने मोजल्याप्रमाणे पेडल चारशे बारा वेळा दाबलं होतं. वहीत चारशे नऊ.

"काका, तीन नोंदी गेल्या."

"थांबली होती ना तेव्हा?"

"थांबली होती."

"मग गेल्या तर गेल्या."

आणि मला खरंच काही वाटलं नाही.

तोवर दोन्ही पाय तयार झाले होते. उजवा डाव्यापेक्षा पावणेदोन इंच लहान, टाच आत वळलेली. फाईलवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता, आणि सकाळपासून तो कापला जात असून मी विचारलंही नव्हतं कोणाचा. काकांनी लहान पाय पॉलिश पेपरने घासला, फुंकर मारली आणि ताईपुढे धरला.

ताईला लोकांसमोर बूट काढताना मी लहानपणापासून एकदाही पाहिलेलं नाही. घरातसुद्धा ती दार लावून घ्यायची. त्या दिवशी ती सगळ्यांच्या मध्ये स्टुलावर बसली, उजवा बूट काढला, मोजाही काढला, आणि काकांच्या हातातला पाय घेऊन आपल्या पायाशेजारी जमिनीवर ठेवला. लाकूड अजून कोमट होतं.

"हा माझाच," ती म्हणाली.

काका म्हणाले, "मग कोणाचा?" आणि पुढचं लाकूड लावायला वळले.